सरांची स्कॉट माणसं

सरांना सायकलवर बसलेलं मी कधी पाहिलं नाही. सायकल होती, ती ते रोज कॉलेजात आणतही, पण हँडल धरून, बाजूने चालत. कारण विचारलं की म्हणत, "बसलो तर हात अडकतात." हात मोकळे हवेत ते चिठ्ठ्या लिहायला. रस्त्याच्या कडेला थांबायचं, सीटवर कागद ठेवायचा, दोन ओळी लिहायच्या, चिठ्ठी कोटाच्या खिशात टाकायची आणि पुन्हा चालू लागायचं. सायकल हे त्यांचं फिरतं टेबल होतं म्हणा ना. जळगावात तेव्हा आताएवढी वर्दळ नव्हती. टांगेवाले त्यांना ओळखत आणि न ओरडता वळसा घालून जात.

मी त्या कॉलेजच्या ऑफिसात टायपिस्ट होते. धुळ्याला टायपिंगच्या परीक्षा दिल्या, पहिल्याच अर्जाला नोकरी लागली आणि जळगावला मावशीकडे राहायला आले. वय बावीस, हात चालू आणि तोंड त्याहून चालू. सर इंग्रजी शिकवत. पन्नाशीला टेकले होते, लग्न केलेलं नव्हतं, आणि मे महिन्यातही अंगात काळा कोट. ऑफिसात पहिल्यांदा आले ते एक पान टाइप करून घ्यायला. पान माझ्यापुढे ठेवलं आणि म्हणाले, "बाई, तुम्ही भिता तेव्हा कोणाला भिता?"

"मी नाही कोणाला भीत," मी म्हटलं.

"तेही ठीक. पण जुन्या स्कॉट भाषेत माणूस भ्याला की लिहीत, 'तो त्याला भ्याला'. निजला की 'त्याने त्याला निजवलं'. हा 'त्याला' म्हणजे दुसरा कोणी नव्हे. तोच तो."

"मग सरळ 'स्वतःला' म्हणायला काय झालं होतं?"

सरांचे डोळे असे उजळले की मला वाटलं, उगाच विचारलं. "तोच तर प्रश्न! शब्द होता त्यांच्याकडे. सेल्फ म्हणत, कोणी सेल म्हणत, कोणी सेल्विन. पण तो त्यांनी राखून ठेवला होता. राजा जातीने लढाईला आला, म्हातारीने कोणाची मदत न घेता दार उघडलं, अशा वेळीच तो बाहेर काढायचा. एरवी नाही. पुढे काय झालं कोण जाणे, तो रोजच्या वापरात आला आणि जो तो उठता बसता स्वतःला स्वतः म्हणू लागला. हे कसं झालं आणि कधी झालं, एवढंच मला बघायचं आहे."

या 'एवढंच'ला तेव्हा बारा वर्षं झाली होती. हा त्यांचा डॉक्टरेटचा विषय. खानदेशात बसून चारशे-सहाशे वर्षांपूर्वीची स्कॉट सर्वनामं! मी मावशीला सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "चांगला माणूस दिसतो गं, घरचं कोणी नाही का त्याला?"

मूळ सारं धुळ्यातलं. सर आधी धुळ्याच्या शाळेत होते. तिथे जुन्या बाजारात, कोण्या गोऱ्या साहेबाने देश सोडताना टाकून दिलेल्या सामानात त्यांना एक जाडजूड स्कॉट पुस्तक सापडलं. पहिली काही पानं उंदरांनी खाल्लेली, त्यामुळे पुस्तकाचं नाव त्यांना पुढे कितीतरी वर्षं ठाऊक नव्हतं. नाव नसलेलं ते पुस्तक त्यांनी चार वेळा वाचलं. मग मुंबईच्या एका ग्रंथालयातून टपालाने एकेक पुस्तक मागवायला लागले. पुस्तक तीन आठवडे ठेवता येई. तेवढ्यात ते वाचायचं, त्यातलं 'सेल्फ' आलेलं आणि न आलेलं प्रत्येक वाक्य चिठ्ठीवर उतरवायचं आणि पुस्तक परत करायचं.

चिठ्ठ्यांसाठी कागद कुठून आणायचा? सर ज्यांच्याकडे राहत ते शेठजी मोठे व्यापारी, मूळचे राजस्थानकडचे, जैन, धरणगावच्या एका जिनात, म्हणजे कापसाची सरकी काढायच्या कारखान्यात, भागीदार. त्यांच्या घरी लग्नसराईत पत्रिकांचा नुसता पाऊस. जाड, गुळगुळीत, मागून कोऱ्या. सरांनी त्या मागून घेतल्या आणि चौकोनी कापून त्यांच्या चिठ्ठ्या केल्या. म्हणजे एका बाजूला गणपती, सोनेरी कलश, 'आमचे येथे श्रीकृपेकरून' आणि पाठीवर कोणीतरी स्कॉट सरदार त्याला घोड्यावर बसवतो आहे. वर एखाद्या चिठ्ठीला हळदीचं बोट लागलेलं.

जेवण शेठजींकडेच. त्या घरचा नियम सूर्य मावळायच्या आत जेवायचा. थंडीत पाचच्या पुढे सरांचा तास असला की त्यांची चुळबुळ सुरू व्हायची आणि पोरं मुद्दाम शंका विचारायची. सर शंकेचं उत्तर पूर्ण द्यायचे, मग उपाशी राहायचे, आणि भाभीजी, म्हणजे शेठजींच्या पत्नी, दुसऱ्या दिवशी प्राचार्यांना निरोप धाडायच्या. तास शेवटी बदलून मिळाला.

त्यांच्या बोलण्यात ती स्कॉट माणसं सारखी येत जात असत. एकदा सकाळी ऑफिसात येऊन खुर्चीत बसले, डोकं धरलं आणि म्हणाले, "फार वाईट झालं. काल त्या म्हाताऱ्याने पुलावरून उडी टाकली." आमचे शिपाई नाना दारात उभे होते. ते काही न विचारता सायकल काढून गिरणा नदीच्या पुलावर गेले. दीड तासाने घामाघूम होऊन परत आले आणि ओरडले, "सर, तठे ते कोनीच नही शे!" सर म्हणाले, "नसणारच नाना, चारशे वर्षं झाली त्याला." नाना नंतर आठवडाभर सरांना पाणी देईनात. मग सरांनी नानांना त्या म्हाताऱ्याची सगळी गोष्ट सांगितली, मुलगा लढाईत गेला, सून माहेरी गेली, वगैरे. नानांच्या डोळ्यांत पाणी आलं आणि भांडण मिटलं.

त्यांच्याशी बोलता बोलता मलाही वाटू लागलं की स्कॉटलंड फार लांब नसावं. नशिराबाद ओलांडलं की उजव्या हाताला कुठेतरी असेल. धुकं, दगडी घरं, आणि त्यांच्या ओट्यांवर त्यांना बसवून घेतलेली म्हातारी माणसं.

इकडच्या लोकांनाही ते सोडत नसत. बाजारात एका भाजीवालीला त्यांनी विचारलं, "तू 'मी स्वतः' असं कधी म्हणतेस?" ती मेथीची जुडी बांधत होती. वर न बघता म्हणाली, "मी म्हनत नही सर, मी करी टाकस." सरांनी लगेच सायकल उभी करून सीटवर ते लिहून घेतलं. मला दाखवलं तेव्हा म्हणाले, "बाई, मी बारा वर्षं जे म्हणतोय ते हिने एका वाक्यात संपवलं." बाजारात आपलं हसं होतंय याचं त्यांना काही नव्हतं.

विद्यापीठाने मात्र मुदत घातली होती. दोनदा वाढवून दिली, तिसऱ्यांदा पत्र आलं ते अगदी कोरडं. पुढच्या जून अखेरीपर्यंत प्रबंध आला नाही तर नाव कमी करण्यात येईल, यापुढे सबब ऐकली जाणार नाही. पत्र मीच फाइलला लावलं. सरांना काळजी अशी दिसली नाही. चिठ्ठ्या चार हजारांच्या वर गेल्या होत्या, म्हणणं डोक्यात पक्कं होतं, आता फक्त लिहायचं. म्हणणं असं, की आधी तो जोर देऊन म्हटलेला 'स्वतः' आला आणि त्याच्या हाताला धरून मग दुसरा, रोजचा, आला. हे सांगताना सर हलक्या आवाजात बोलत, कोणी ऐकेल म्हणून.

त्या थंडीत त्यांच्या मुंबईच्या मार्गदर्शकांनी लिहिलं, की प्रबंध लिहायला घेण्याआधी चिठ्ठ्या एकदा नजरेखालून घालतो, पाठवून द्या. मी म्हटलं, "सर, आधी नक्कल करून ठेवू." सर म्हणाले, "बाई, ही नक्कलच आहे." टपालावर त्यांचा भरवसा नव्हता. शेठजी म्हणाले, "सरजी, फिकर कशाला? आमचा ट्रक मुंबईला जातोच आहे. आमचा माणूस घरपोच देईल." चिठ्ठ्यांचे तीन गठ्ठे झाले. ते शेठजींच्या गाडीतून धरणगावला जिनात नेले, कारण पक्कं शिवायचं तर तिथेच. सरांबरोबर मीही गेले होते, जिन पाहायला.

हंगाम ऐन भरात होता. आवारात कपाशीचे पांढरे ढीग, हवेत सगळीकडे तंतू तरंगत होते, माणसांच्या भुवया पांढऱ्या झालेल्या. यंत्रांच्या आवाजात बोलणं ऐकू येत नव्हतं, म्हणून सगळे हळूहळू, खुणांनी वागल्यासारखे वाटत. शिवणारे आबा साठीचे होते. तिथे सरकी काढलेल्या रुईचे नमुने मुंबईच्या दलालांना पाठवायला गाठोडी शिवत, ते काम त्यांच्याकडे. त्यांनी आमचे गठ्ठे मेणकापडात घातले, वरून जाड कापड, आणि दाभणाने इतके बारीक टाके घातले की बघत राहावं. "पानीना थेंब जावाव नही, सर," म्हणाले. सरांनी त्यांना पेढे दिले, आणि आम्ही परत निघालो.

आम्ही गेल्यावर आबांनी जे केलं ते त्यांच्या हाताने आपोआपच केलं असणार. शिवलेल्या गाठोड्यावर जिनचा मार्का आणि ढिगाचा नंबर मारायचा, हे ते चाळीस वर्षं करत आले होते. सरांच्या तीन गठ्ठ्यांवरही त्यांनी शाईने मार्का मारला, नंबर घातला. मार्का पडला म्हणजे तो रुईचा नमुना. मुंबईत ट्रक रिकामा झाला तेव्हा शेठजींचा माणूस सरांचं सामान शोधत राहिला आणि त्याच्यासमोरून गठ्ठे नमुन्यांबरोबर वेगवेगळ्या दलालांकडे गेले. माणसाला वाटलं, सामान चढवलंच नाही, मागाहून येईल. जिनात वाटलं, पोचलं.

आणि हे कोणाला कळलं केव्हा, तर एप्रिलमध्ये. सरांना वाटत होतं मार्गदर्शक वाचताहेत, घाई कशी करायची. मार्गदर्शकांना वाटत होतं सरांनी अजून पाठवलं नाही, आठवण कशी करून द्यायची. दोघेही सभ्य. साडेतीन महिने दोघांपैकी कोणी एक कार्ड टाकलं नाही. शेठजी स्वतः मुंबईला जाऊन आले. नमुना वाद झाला तरच उघडतात, नाहीतर हंगाम सरताना सगळे नमुने एकगठ्ठा गादीवाल्यांना विकून टाकतात, आणि ते विकून झाले होते. गादीवाल्यांनी आतले कागद कुठे फेकले हे कोण सांगणार? शेठजी सरांपुढे बसून रडले. आबा धरणगावहून आले, पागोटं काढून उभे राहिले आणि म्हणाले, "बिगर मार्कानं गाठोडं मन्हा हातखालथीन आजलोंग गयं नही, सर. हातले काय समजस?" सरांनी त्यांना खाली बसवलं, चहा मागवला. म्हणाले, "आबा, तुमचे टाके फार सुंदर होते."

मला मात्र इतकं वाईट वाटलं की मी घरी जाऊन दोन दिवस जेवले नाही.

तिसऱ्या दिवशी सर ऑफिसात आले. "बाई, सुटीत धुळ्याला जाणार आहात का?"

"नाही गेले तर?"

"तर मी सांगतो, तुम्ही टाइप करा. मला बरंचसं आठवतंय."

मला वाटलं शे दोनशे वाक्यं आठवत असतील. मे महिना लागला आणि आम्ही शेठजींच्या माडीवर बसू लागलो. कॉलेजचा टाइपरायटर नाना हातगाडीवर घालून आणून देऊन गेले. भाभीजींनी खिडकीला वाळ्याची ताटी बांधली होती. तासाभराने कोणीतरी येऊन तिच्यावर तांब्याभर पाणी मारून जाई. खोलीत हिरवट अंधार आणि वाळ्याचा वास. बाहेर गल्लीत चिटपाखरू नसे. सर आरामखुर्चीत डोळे मिटून बसत आणि अक्षरं सांगत. शब्द नव्हे, अक्षरं. कारण त्या लोकांना शुद्धलेखन असं नव्हतंच, एकच माणूस एका पानावर एक शब्द तीन तऱ्हांनी लिहायचा. "क्यू, यू, एच, ए," असं सर सुरू करत आणि माझी बोटं चालू लागत.

प्रत्येक वाक्याआधी ते थोडे थांबत. मग म्हणत, "ही जामनेरच्या लग्नाची. कडा सोनेरी, वराचे वडील कैलासवासी." त्यांना ती चिठ्ठी दिसे. ती दिसली की तिच्या पाठीवरचं वाक्य दिसे. "ही पाचोऱ्याची, मुहूर्त सकाळचा, शाई पसरली होती." आणि मग अक्षरं. वाक्य संपलं की माझी मजुरी म्हणून मराठीत अर्थ सांगत. "म्हातारीने तिला चुलीपाशी बसवलं आणि ती स्वतः पाणी आणायला गेली नाही." "धनगराने त्याला हरवलं आणि मेंढ्यांनी त्याला शोधलं." अशी लग्नं आणि अशी माणसं एकामागून एक येत राहिली. दोनशे झाली, पाचशे झाली, हजाराच्या वर गेली. दुपारी डुलकी लागेल असं वाटायचं, पण लागायची नाही. कधी कधी मला अर्थ कळायच्या आधी बोटांना पुढचं अक्षर कळायचं. तेवढे सुखाचे दिवस माझ्या नोकरीत दुसरे आले नाहीत, हे मी आज सरळ कबूल करते. सरही खूष होते. कोट खुर्चीला टांगलेला असे. आवाज चढलेला, गाल लाल झालेले.

महिन्याच्या शेवटाकडे वाक्यं फारच छान येऊ लागली. आधीची कोरडी असत, कोणी कोणाला विकलं, कोणी शपथ घेतली. ही लांब, सावकाश. एक माणूस नदीच्या कोरड्या पात्रात वाळू उकरून झिरा खणतो, पाणी लागलं की त्यात त्याचं तोंड बघतो आणि स्वतः मात्र पीत नाही. एक बाई भर दुपारी झळ लागून ओसरीत बसते आणि तिचा नवरा, तो स्वतः, ओला पंचा तिच्या डोक्यावर ठेवतो. सरांचं म्हणणं ज्याने सिद्ध व्हावं ते सगळं या वाक्यांत होतं. जोराचा 'स्वतः' आणि रोजचा 'स्वतः' एकाच ओळीत हातात हात घालून उभे. प्रबंध आता लिहिलाच म्हणायचा. जूनला आठ दिवस होते आणि पुढे महिनाभर लिहायला.

मग एक दिवस सरांनी डोळे मिटूनच एक वाक्य सांगितलं. मी टाइप केलं. त्यांनी अर्थ सांगितला, "म्हातारा कुणबी त्याचा तो उठला, बागेत गेला आणि त्याने स्वतःला केळीच्या खोडाला टेकवलं."

"सर," माझ्या तोंडून निघून गेलं, "स्कॉटलंडात केळी होतात?"

सरांचं घर एदलाबादकडचं, केळीवाल्यांचं.  सरांनी डोळे उघडले. आधी हसले. मग म्हणाले, "नाही होत."

"मग एवढं एक वाक्य खोडते. थंडीत कधी लिहून ठेवलं असेल तुम्ही, गंमत म्हणून."

"मागची पानं द्या," ते म्हणाले.

तीन दिवस ते पेन्सिल घेऊन बसले. कसोटी साधी होती. चिठ्ठी दिसते का, कोणत्या लग्नाची ते आठवतं का. आठवलं तर खूण, नाही तर काट. मी शेजारी बसून पानं उलटत होते. सुरुवातीला खुणाच खुणा होत्या. मग काट दिसू लागली. मग तीन तीन पानं नुसती काट. बाहेर धूळ उडवणारा वारा सुटला होता आणि भाभीजी गच्चीवरचे पापड गोळा करत होत्या. तिसऱ्या दिवशी सरांनी पेन्सिल खाली ठेवली.

"बाई, गंमत बघा. जी खरी आहेत ती माझ्या विरुद्ध बोलत नाहीत, पण माझ्या बाजूनेही काही बोलत नाहीत. माझ्या बाजूने बोलणारी जेवढी आहेत तेवढी सगळी मीच लिहिलेली निघाली."

मी म्हटलं, "सर, कुणाला कळणार आहे? तुमच्या मार्गदर्शकांना तरी कळेल का? अख्ख्या देशात हे वाचणारा एक माणूस दाखवा मला. तुम्ही इतकं वाचलंत की ते तुमच्या तोंडात बसलं, म्हणजे ते लोक तसंच म्हणाले असते. केळ खोडू, पंचा खोडू, बाकी ठेवू." मी खूप बोलले. रडलेही. त्यांना डॉक्टर म्हणून हाक मारायची मी मनात तयारी करून ठेवली होती.

सर म्हणाले, "ते तसं म्हणाले असते, हे खरं. पण म्हणाले नाहीत ना." आणि मला पाणी आणून दिलं. त्यांनी कोणाला आपल्या हाताने पाणी आणून दिलेलं मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं.

जूनच्या आधीच पत्र गेलं. मीच टाइप केलं, दोन ओळींचं, की पुरावा माझ्या चुकीने गहाळ झाला आहे, तरी नाव कमी करावे. शेठजींचं, आबांचं, कोणाचं नाव त्यात नव्हतं. पुढच्या वर्षी विभागाला बाहेरून प्रमुख आला, पदवीवाला, सरांहून वीस वर्षांनी लहान. सरांनी त्याला सगळी कपाटं दाखवली, किल्ल्या दिल्या. वर्षभराने वेळेआधीच निवृत्ती घेऊन भावाकडे गावी राहायला गेले.

मला धुळ्याला कायमची जागा मिळाली तेव्हा, जळगाव सोडण्यापूर्वी, मी त्यांना भेटायला गेले. एदलाबादच्या फाट्यावर उतरून बरंच चालावं लागलं. दोन्ही बाजूंना केळीच्या बागा. आत ऊन शिरतच नाही, पाटाचं पाणी न वाजता चाललेलं असतं, आणि मोठी पानं एकमेकांना घासल्याचा आवाज सारखा येत राहतो. वाटेवर त्यांचे भाऊ भेटले. म्हणाले, "सर ना? असीन तिकडे बागीत बसेल. कोनासंग बोलतो, मले काय माईत. जा तुम्ही, बोलीन तुमच्यासंग."

सर बाजेवर बसले होते. अंगात कोट नव्हता. मला पाहून खूप आनंद झाला त्यांना, अगदी उठून उभे राहिले. कॉलेजचं, नानांचं, भाभीजींच्या गुडघ्यांचं सगळं विचारून झालं. मग सर पुन्हा बाजेवर बसले.

"बाई, त्या मे महिन्यात तुम्हाला नक्की केव्हा कळलं?"

"केळीच्या वाक्याला."

"खोटं बोलता."

मी म्हटलं, "त्याच्या चार दिवस आधी. तुम्ही लग्नं सांगायचं बंद केलंत तेव्हा."

"मग बोलला का नाहीत?"

"तुमचं व्हावं असं वाटत होतं सर. फार वाटत होतं."

सरांनी मान हलवली. "मलाही वाटत होतं. मलाही तेव्हाच कळलं होतं, पहिल्याच वाक्याला. पण थांबता येईना. इतकं छान चाललं होतं. म्हटलं, बाई हुशार आहेत, बाई थांबवतील. म्हणून मी नदीत झिरा खणला. तुम्ही टाइप केलात. मग डोक्यावर ओला पंचा ठेवला. तोही केलात. शेवटी मला केळ लावावी लागली."

आणि ते हसले, अगदी मोकळेपणाने. मला हसू आलं नाही. चार दिवस तो माणूस डोळे मिटून मी कधी थांबवते याची वाट बघत होता, आणि मी भराभर टाइप करत होते.